साखर निघाली, आता ताटात काय?

"साखर निघाली" हे दोन शब्द आता आपल्या डोंगरातल्या गावांतही रोज कानावर येतात. उपकेंद्रात बोट टोचून रक्त बघतात आणि कोणाची ना कोणाची साखर निघते. माणूस कागद घेऊन घरी येतो. घरात सगळे गप्प होतात. मग शेजारीपाजारी गोळा होतात. एक म्हणतो, "तात्या, भात बंद करा." दुसरी म्हणते, "बटाटा तर इषावाणी. त्येला शिवूच नगा." तिसरा कारल्याचा रस सांगतो. चौथा जांभळाचा मध आणून देतो. चार दिवस तात्या अर्धपोटी राहतात. आठव्या दिवशी कंटाळतात आणि पहिल्यासारखे सगळे खाऊ लागतात.

ही दोन्ही टोके वाईट. साखर निघालेल्या माणसाने उपाशी राहायचे नसते. त्याच्यासाठी वेगळी चूलही मांडायची नसते. शेतात पिकते आणि बाजारात मिळते तेच खायचे, पण त्याचे माप बदलायचे. ते कसे बदलायचे, एवढेच या पाठात पाहू. मी मास्तर आहे, वैद्य नव्हे. गोळी कोणती, किती, ते डॉक्टर सांगतील. पण ताट काही दवाखान्यात वाढले जात नाही, ते आपल्या घरी वाढले जाते. म्हणून ताटापुरते बोलतो.

पाटाचे पाणी

आधी हा रोग म्हणजे काय ते समजून घेऊ.

आपण भाकरी खातो, भात खातो. पोटात गेल्यावर त्याची साखर होते. भाकरी गोड लागत नाही म्हणून फसू नका. भाकरीचा एक घास तोंडात घेऊन पुष्कळ वेळ चावत राहा. थोड्या वेळाने तो तोंडातच गोडसर लागू लागेल. हीच साखर पुढे रक्तात उतरते.

आता पाटाचे पाणी डोळ्यांसमोर आणा. खाली वाईकडे धोमच्या कालव्यावर शेतकरी कसे पाणी देतात? पाटात पाणी येते. दारे धरणारा माणूस खोरे घेऊन उभा असतो. तो एकेका वाफ्याचे तोंड उघडतो आणि पाणी आत सोडतो. आपले रक्त म्हणजे पाट. साखर म्हणजे पाणी. अंगातले स्नायू, काळीज, हातपाय हे वाफे. आणि दारे धरणारा कोण? त्याचे नाव इन्सुलिन. जठराच्या मागे वीतभर लांबीचे स्वादुपिंड असते. त्यात हा रस तयार होतो.

मधुमेहात काय होते? दारे धरणारा थकतो, किंवा वाफ्याची तोंडे गच्च होऊन त्याच्या खोऱ्याला दाद देत नाहीत. मग पाट तुडुंब भरतो आणि वाफे मात्र कोरडे राहतात. म्हणून अशा माणसाच्या रक्तात साखर भरपूर, पण अंगात ताकद नाही. सारखी तहान लागते. लघवीला सारखे जावे लागते. वजन उतरते. पाट फुटला की बांध वाहून जातो. तशीच वाढलेली साखर वर्षानुवर्षे राहिली की डोळे, मूत्रपिंड, हृदय आणि पायाच्या नसा खराब होतात. हे हळू होते, दुखत नाही. म्हणूनच माणूस बेफिकीर राहतो.

हा रोग नवा नाही. आपल्या जुन्या वैद्यांनी तो ओळखला होता. रोग्याची लघवी मधासारखी गोड असते, म्हणून त्याला मधुमेह हे नाव मिळाले. तिला मुंग्या लागतात, हेही त्यांनी पाहिले होते. पण उपाय सापडायला फार काळ लागला. शंभर वर्षांपूर्वी तिकडे गोऱ्या देशांतले मोठे डॉक्टरसुद्धा या रोग्यांना उपाशी ठेवत. दुसरे काही हातातच नव्हते. मुलांची हाडे दिसू लागत. १९२१ साली कॅनडा देशात टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट या दोघांनी इन्सुलिन शोधून काढले. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला ते पहिल्यांदा टोचले आणि तो वाचला. त्या दिवसापासून उपाशी ठेवण्याचा उपाय मागे पडला. तो आपण आज गावात पुन्हा का सुरू करावा?

कागदावरचे आकडे

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. तेव्हा तपासणीचा कागद दुसऱ्याच्या हातात देऊ नका, स्वतः पाहा. त्यावर 'फास्टिंग' असे लिहिलेले असते. म्हणजे रात्रभर काही न खाता, सकाळी उपाशीपोटी घेतलेले रक्त. हा आकडा १०० च्या आत असला तर ठीक. १२६ किंवा त्याहून जास्त आला आणि दुसऱ्या तपासणीतही तसाच आला, तर मधुमेह. मधला आकडा म्हणजे धोक्याची घंटा. आणखी एका तपासणीचे नाव जरा अवघड आहे, एचबीएवनसी. ती मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते. तिथे ६.५ किंवा वर म्हणजे मधुमेह. आदल्या दिवशी गोड सोडून या तपासणीला फसवता येत नाही. शाळेत वर्षभर उनाडक्या करून परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करणारी पोरे मी पुष्कळ पाहिली. त्यांचे जे व्हायचे तेच इथे होते.

कोणी म्हणेल, "मी तर काटक आहे. ढेरी नाही. मला कशी साखर?" या प्रश्नाचे उत्तर आपल्या पुण्याने जगाला दिले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांची आणि पुढे त्यांच्या मुलांची पाहणी केली. जन्मलेली मुले वजनाने हलकी होती, पण त्यांच्या अंगात स्नायूंच्या मानाने चरबी जास्त होती. वरून बारीक, आतून चरबीदार, अशी आपल्या लोकांची ठेवण आहे. म्हणून सडपातळ माणसालाही हा रोग होतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशभरच्या पाहणीत भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. तेव्हा लाज वाटण्याचे कारण नाही. कोणी पाप केले म्हणून हा रोग होत नाही.

पाचगणीची जुनी शिकवण

आमच्या पाचगणीत आजाऱ्याबद्दल एक जुनी समजूत आहे. तिला कारणही आहे. १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी येथे क्षयरोग्यांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम काढले. क्षयावर त्या काळी गोळ्या नव्हत्या. चांगली हवा, पडून विश्रांती आणि दूध, अंडी, लोणी असा भरपूर आहार, हाच उपचार. मुंबईहून रोगी येत. गावातली माणसे त्यांची सेवा करत. आजाऱ्याने पडून राहावे आणि चांगलेचुंगले खावे, हे आमच्या आज्यापणज्यांच्या मनात तेव्हापासून बसले. क्षयाला ते बरोबर होते.

मधुमेहाला ते उलटे पडते. इथे पडून राहायचे नाही, चालायचे. चालताना हातापायांचे वाफे आपोआप पाणी ओढून घेतात. जेवल्यावर पंधरा मिनिटे चालले तरी फरक पडतो. बाहेरगावचे पाहुणे टेबललँडवर घोड्यावर बसून फिरतात. त्यांना फिरू द्या, आपण पायी जावे. मात्र अनवाणी जाऊ नये. मधुमेहात पायाला काटा लागलेला कळत नाही आणि जखम लवकर भरत नाही. रात्री झोपण्यापूर्वी तळपाय पाहावेत.

क्षयाचा विषय निघाला म्हणून आणखी एक सांगतो. मधुमेह असलेल्या माणसाला क्षय होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्यावी.

ताटाचे चार भाग

आता मुख्य गोष्ट. जेवणाचे ताट समोर घ्या आणि मनाशी त्याचे चार भाग करा.

दोन भाग, म्हणजे अर्धे ताट, भाजीचे. पाचगणीच्या बाजारात काय कमी आहे? फरसबी, कोबी, फ्लॉवर, मुळा, मेथी, पालक, चाकवत. पावसाळ्यात रानात कुर्डू, टाकळा, भारंगी फुकट मिळते. गाजर, काकडी, कांदा कच्चे खावे. बटाटा मात्र या अर्ध्या भागात धरायचा नाही. तो भाकरी-भाताच्या भावकीतला. बटाट्याची भाजी केली तर तेवढी भाकरी कमी करावी. बटाटा विष नाही, पण तो भाजीचे नाव घेऊन भाताचे काम करतो.

तिसरा भाग डाळी-कडधान्याचा. घेवडा, मटकी, हुलगा, चवळी, अख्खा मसूर. घट्ट आमटी किंवा उसळ असावी. ताटात डाळ शोधावी लागेल अशी पाणीदार आमटी या हिशेबात धरू नका. खाणाऱ्याने अंडे, मासळी, कोंबडी याच भागात घ्यावी. तर्रीचे तेल मात्र आवरावे.

चौथा भाग भाकरीचा किंवा भाताचा. दोन्ही घ्यायचे तर दोन्ही मिळून एकच भाग.

इथेच आपले गणित चुकते. आपल्याकडे जेवण म्हणजे भाकरी. तीन भाकरी, वर भाताचा डोंगर आणि तोंडी लावायला चमचाभर कोरड्यास किंवा ठेचा. कोणी तरी सांगते, ज्वारी साखरेला चांगली. मग चौथी भाकरी खातात! नाचणीचे तेच. नाचणी आपल्या डोंगराचे धान्य आहे, चांगले आहे, त्यात चुनखडी म्हणजे कॅल्शियम भरपूर आहे. पण १०० ग्रॅम ज्वारीच्या किंवा नाचणीच्या पिठात पासष्ट-सत्तर ग्रॅम पिष्ट असते आणि त्याची शेवटी साखरच होते. तांदळात ७८ च्या आसपास. फरक आहे, पण आकाशपाताळाचा नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या देशभरच्या अभ्यासाने हेच दाखवले. नुसता तांदूळ बदलून गहू किंवा भरड धान्य घेतले, पण एकूण पिष्ट कमी केले नाही, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. धान्य बदलण्याआधी माप बदला.

मग ज्वारी-नाचणीचा फायदा काही नाही का? आहे. स्ट्रॉबेरीच्या वाफ्याला आपण ठिबक लावतो. पाणी थेंबथेंब जाते, मुळांना मिळते, वाफा वाहून जात नाही. कोंड्यासकटचे धान्य, सालीसकटची डाळ आणि भाजी यांनी साखर रक्तात ठिबकसारखी उतरते. साखरेचा चहा, सरबत, मैद्याचा पाव, खारी, बिस्किटे यांनी ती पाट फुटल्यासारखी येते. म्हणून जेवताना आधी भाजी आणि उसळ खावी, भाकरी मागून घ्यावी. याला खर्च काही नाही. करून पाहा.

तीन भाकरी खाणाऱ्याने एकदम एकीवर येऊ नये. अर्धी अर्धी कमी करावी आणि तेवढी उसळ-भाजी वाढवावी. दिवसभर कुदळ मारणाऱ्याचे माप वेगळे आणि दुकानात बसणाऱ्याचे वेगळे. ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

चहाचे गणित

पाटी घ्या. एका कपात दोन चमचे साखर. एका चमच्यात सुमारे ५ ग्रॅम. म्हणजे एका कपाला १० ग्रॅम. दिवसाला पाच कप, म्हणजे ५० ग्रॅम. महिन्याला किती? दीड किलो! एवढी साखर आपण न चावता, गप्पा मारता मारता पितो. साखर निघालेल्या माणसाने पहिला हात इथे घालावा. पहिला आठवडा बिनसाखरेचा चहा औषधासारखा लागतो. पुढे जीभ रुळते.

"मग गुळाचा करू का?" हा प्रश्न मला हमखास विचारतात. गूळही उसाचाच. कराडचा असो की कोल्हापूरचा, रक्ताला तो साखरच वाटतो.

आता मधाचे बोलायला हवे. आपल्या महाबळेश्वर तालुक्याचा मध नावाजलेला. मांघर हे गाव २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. मला त्याचे कौतुकच आहे. पण जांभळाचा मध खाल्ला की साखर उतरते, असे सांगून तो विकणारे भेटतात, ते खरे नाही. १०० ग्रॅम मधात ८० ग्रॅमच्या आसपास साखर असते, मग मधमाशी कोणत्याही फुलावर बसलेली असो. मध पाहुण्यांना विका, स्वतः औषध म्हणून खाऊ नका. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, मेथ्या यांचेही तसेच. कारल्याची भाजी आवडीने खा. पण त्यांच्या भरवशावर गोळी सोडू नका. गोळी सोडून पुड्या घेणारी माणसे दोन वर्षांनी पायाच्या जखमा घेऊन परत येतात.

स्ट्रॉबेरीचे उलटे आहे. लोक तिला घाबरतात, कारण ती गोड आणि लाल. पण १०० ग्रॅम ताज्या स्ट्रॉबेरीत साखर साधारण ५ ग्रॅमच असते. मूठभर फळे खायला हरकत नाही. वर साखर पेरायची नाही, मलई घालायची नाही. जॅम आणि क्रश यांत फळापेक्षा साखरच जास्त. पेरू आणि जांभूळही चालतात. हापूस, चिकू, केळी यांना हात आखडता घ्यावा. फळ चावून खावे, रस काढून पिऊ नये.

बाई शेवटी जेवते

सगळी पुस्तके ताटाबद्दल बोलतात. ताट कोण कधी जेवते, हे कोणी लिहीत नाही.

आपल्या घरात पुरुष आणि पोरे आधी जेवतात. बाई शेवटी. तोवर उसळ संपलेली असते, भाजीचे पातेले पुसलेले असते. उरते काय? भाकरी, भात आणि आमटीचे पाणी. आता त्याच बाईची साखर निघाली तर तिने ताटाचे चार भाग कशाचे करावेत? आमच्या आळीतल्या एका बाईंना मी हेच विचारले. त्या म्हणाल्या, "गुर्जी, माझ्या ताटात एकच भाग असतोय." यावर मला उत्तर सुचले नाही. मी त्यांच्या मालकांना बोलावून समोर बसवले. आता त्या घरात बाईंची भाजी आणि उसळ आधीच एका वाटीत काढून झाकून ठेवतात. वाटी काढून ठेवण्याला पैसे पडत नाहीत. घरच्या माणसांनी मनावर घ्यावे लागते, इतकेच.

पुरुषाला साखर निघाली की सगळे घर त्याच्या पथ्याला लागते. बाईला निघाली की पथ्य तिच्या एकटीच्या गळ्यात पडते. हे बदलायला हवे. खरे म्हणजे वर सांगितलेले ताट सगळ्या घरानेच जेवावे. आईबापांना मधुमेह असेल तर पोरांनाही पुढे धोका असतो.

घाम सुटला तर

आता एक धोका नीट ध्यानात घ्या. साखर वाढणे जसे वाईट, तसे ती एकदम उतरणेही वाईट, आणि ते तासाभरात घात करते. इन्सुलिन टोचणाऱ्यांना आणि काही प्रकारच्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका असतो. स्ट्रॉबेरीच्या तोडीला बाया उजाडायच्या आत घर सोडतात. गोळी घेतली, पण खायला सवड झाली नाही. वाफ्यात वाकून दोन तास काम झाले. मग दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. माणूस बरळतो, चिडतो. लोकांना वाटते, प्यायला असेल किंवा अंगात आले. अंगारा लावत बसतात!

अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच पाजा. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा पाजा. मग भाकरीतुकडा खायला द्या. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही घालू नका. ते श्वासाच्या नळीत जाईल. कुशीवर वळवा आणि १०८ या क्रमांकावर फोन करून गाडी बोलवा. ज्याला असा धोका आहे त्याने साखरेची पुडी खिशात किंवा पदराच्या गाठीला बांधून ठेवावी. साखरेचा असाही उपयोग आहे. आणि गोळी घेऊन जेवण चुकवणे कधीही करू नये.

म्हणूनच उपवासाचा प्रश्न येतो. नुसत्या पाण्यावर राहणे इन्सुलिनवाल्याला धोक्याचे. पण आपला नेहमीचा उपवास दुसऱ्या बाजूने धोक्याचा. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळे, वर केळे! हे तर रोजच्यापेक्षा जास्त पिष्ट. उपवास करायचाच तर थोडी भगर किंवा राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, काकडी आणि ताक घ्यावे. रोजे धरणाऱ्या बांधवांनी रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटून गोळ्यांच्या वेळा बदलून घ्याव्यात. देव आणि अल्ला दोघेही आजाऱ्याला सवलत देतात. सवलत देत नाहीत ती शेजारची माणसे.

जत्रेत आणि लग्नाच्या पंगतीत आग्रह होतो. जिलबीचे एक वेटोळे खाल्ले तर त्या जेवणात भात घेऊ नये. वाढणाऱ्याने दुसऱ्यांदा आग्रह केला तर ताटावर आडवा हात धरावा आणि मोठ्याने सांगावे, "मला साखर आहे." हे लपवणारा माणूस जास्त खातो, असे मी पाहिले आहे.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची साखर सरकारी दवाखान्यात फुकट तपासतात. गोळ्याही तिथे मिळतात. आशाताईंना विचारा. साखर निघाली असेल तर एक वही करा. तारीख, आकडा आणि त्या दिवशी काय खाल्ले, एवढे तीन रकाने पुरेत. आकडा खाली आला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ती वही डॉक्टरांपुढे ठेवा, ते पाहून ठरवतील. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि लघवी तपासून घ्या. आणि तीन महिन्यांनी जेव्हा ती अवघड नावाची तपासणी होईल, तेव्हा कागद हातात आल्यावर पहिल्यांदा तुम्हीच तो वाचा.